जखमेवाचून वेदना : एका अविश्वासाचा इतिहास

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही आपल्या भाषेतील म्हण वेदनेविषयीचे एक मूलभूत सत्य सांगून जाते. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दाखवता येते. वेदना मात्र दाखवता येत नाही. ती सांगावी लागते आणि ऐकणाऱ्याने ती मानावी लागते. अंगावर जखम किंवा सूज दिसते तोवर हे मानणे सोपे असते. परंतु जखम भरून आली, सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या आणि तरीही माणूस महिनोन्‌महिने ‘दुखते आहे’ असेच म्हणत राहिला, तर काय? मग घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. ‘हिला काम नको’, ‘ह्याला सहानुभूती हवी’ अशी कुजबुज सुरू होते. डॉक्टरही कधी कधी ‘तुम्हांला काहीही झालेले नाही’ असे सांगून मोकळे होतात. वेदनेच्या जोडीला अविश्वासाचे दुसरे दुखणे येते, आणि पुष्कळदा ते पहिल्यापेक्षा अधिक जिव्हारी लागते.

आज वैद्यकशास्त्र असे मानते की, जखम नसतानाही वेदना असू शकते आणि ती खरी असते. शरीराकडून येणाऱ्या संदेशांवर मज्जारज्जू आणि मेंदू जी प्रक्रिया करतात, तीच बदलून गेली की साधा स्पर्शही दुखू लागतो. हे मान्य व्हायला जवळजवळ चार शतके लागली. हा इतिहास जितका शोधांचा आहे, तितकाच तो रुग्णाच्या साक्षीला किती किंमत द्यायची या प्रश्नाचाही आहे.

घंटेची दोरी

आधुनिक काळात वेदनेचे जे चित्र सर्वांच्या मनावर ठसले, ते फ्रेंच तत्त्ववेत्ते रने देकार्त यांनी काढले. त्यांचा ‘मानव’ या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६४ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. त्यातील एका आकृतीत विस्तवाजवळ पाय नेलेला एक मुलगा दिसतो. विस्तवाचे कण पायाच्या त्वचेला हलवतात, तेथून निघालेला एक बारीक धागा ओढला जातो आणि मेंदूतील एक छिद्र उघडते. दोरीचे एक टोक ओढावे आणि त्याच क्षणी दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तसे हे घडते असे देकार्त म्हणतात.

हा दृष्टान्त इतका सोपा होता की, पुढील तीनशे वर्षे वैद्यकाने तो फारसा सोडला नाही. त्यातून दोन निष्कर्ष आपोआप निघत होते. एक, जितकी जखम मोठी तितकी वेदना मोठी. दोन, दोरी कोणी ओढलीच नसेल तर घंटा वाजण्याचे कारण नाही. आणि तरीही ती वाजते असे कोणी म्हणत असेल, तर तो एक तर भ्रमात आहे किंवा खोटे बोलत आहे.

गंमत अशी की, या दृष्टान्तात न बसणारा पुरावा खुद्द देकार्त यांनीच नोंदवून ठेवला होता. १६४४ साली प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथात ते एका मुलीची हकीकत सांगतात. तिच्या हाताला गंभीर विकार झाला होता. शल्यचिकित्सक आला की तिचे डोळे बांधले जात. पुढे हात सडू लागला म्हणून तो कोपरापासून कापावा लागला, आणि हे तिला कळू नये म्हणून त्या जागी कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या गेल्या. ती मुलगी मात्र कधी या बोटात, कधी त्या बोटात कळा येतात अशी तक्रार करीत राहिली. देकार्त यांनी याचा खुलासा असा केला की, पूर्वी बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू आता कोपराजवळ संपतात आणि तेथेच ते हलवले जातात. म्हणजे दोरी तोकडी झाली, पण ती ओढली जाते आहेच. वेदनेची जाणीव हातात नसून अंतर्यामी कोठेतरी होते, हेही त्यांनी ओळखले. घंटा स्वतःच बदलू शकते, ही शक्यता मात्र त्या चित्रात नव्हती.

टर्नर्स लेनचे सैनिक

कापलेल्या अवयवातील वेदनांची नोंद त्याआधी, सोळाव्या शतकात, फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाज पारे यांनी केली होती. पण अशा रुग्णांचा मोठ्या संख्येने आणि धीराने अभ्यास झाला तो अमेरिकेतील यादवी युद्धात. त्या युद्धातील बंदुकीच्या गोळ्यांनी हजारो सैनिकांचे हातपाय निकामी केले. फिलाडेल्फिया शहरातील टर्नर्स लेन येथे लष्कराने मज्जातंतूंच्या इजांसाठी एक स्वतंत्र रुग्णालय चालवले. तेथे सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोअरहाउस आणि विल्यम कीन या तिघा डॉक्टरांनी केलेल्या निरीक्षणांचा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला.

या डॉक्टरांना असे सैनिक आढळले की, ज्यांची जखम भरून आली होती, तरी हाताची किंवा पायाची आग थांबत नव्हती. त्वचा तुकतुकीत आणि लाल दिसे. रुग्ण हातावर सतत ओले फडके ठेवीत. काही जण तर बुटातही पाणी ओतून घेत, कारण कोरड्या वस्तूचे घासणे त्यांना असह्य होई. कोणी वर्तमानपत्र उलगडले, वाऱ्याची झुळूक आली, शेजारून कोणी चालत गेले, लांबवर लष्करी वाद्यवृंद वाजू लागला, तरी वेदना उसळून येई. मिचेल यांनी या विकाराला पुढे ‘कॉझाल्जिया’ हे नाव दिले. उष्णता आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. १८७१ साली त्यांनी कापलेल्या अवयवाच्या जाणिवेला ‘भुताचा अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि ते आजही रूढ आहे.

वर्तमानपत्राच्या सळसळीने दुखावे, ही गोष्ट घंटेच्या दोरीच्या हिशेबात बसत नव्हती. मिचेल यांनी या सैनिकांना ढोंगी ठरवले नाही. त्यांनी कोणता तंतू दुखावला आहे, त्वचेत कोणता बदल झाला आहे, कशाने वेदना वाढते आणि कशाने निवते हे सर्व टिपून ठेवले. युद्धकाळात सैनिकाच्या शब्दावर संशय घेणे सोपे असते, कारण आघाडीवर परतायचे टाळण्यासाठी आजाराचे सोंग घेणारेही असतात. तशांना ओळखण्याच्या उपायांवरही याच तिघांनी लेखन केले होते. म्हणूनच इतरांवर त्यांनी ठेवलेला विश्वास मोलाचा ठरतो. तो भोळेपणा नव्हता.

तरीही हा विश्वास सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. हेच मिचेल पुढे श्रीमंत घरांतील ‘मज्जादुर्बल’ स्त्रियांचे नामांकित चिकित्सक झाले. पूर्ण विश्रांती, भरपूर आहार, एकान्त आणि वाचन-लेखनाला बंदी ही त्यांची उपचारपद्धती होती. १८८७ साली त्यांच्याकडे उपचार घेतलेल्या आणि पुढे लेखिका म्हणून प्रसिद्ध झालेल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांना लेखणीला पुन्हा हात न लावण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी तो मोडला, आणि त्या अनुभवातून लिहिलेली त्यांची एक गाजलेली कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली. गिलमन यांचा आजार वेदनेचा नव्हता, खिन्नतेचा होता. परंतु ज्या डॉक्टरांनी सैनिकाच्या अदृश्य दुखण्यावर विश्वास ठेवला, त्यांनाच स्त्रीने आपल्या आजाराविषयी काही सांगावे हे फारसे ऐकण्याजोगे वाटले नाही. जखमेवाचून होणाऱ्या वेदनेचे पुष्कळसे रुग्ण स्त्रिया असतात हे ध्यानात घेतले, तर या प्रसंगाची छाया पुढील शंभर वर्षांवर किती लांब पडली हे कळून येते.

दोन महायुद्धांनी शिकवलेले

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रयोगशाळांमधून त्वचेतील वेदनाबिंदू, वेदनेचे स्वतंत्र तंतू, मज्जारज्जूतील त्यांचा मार्ग यांचा शोध चालू होता. तार कोठून कोठे जाते हे सापडले की ती कापून वेदना थांबवता येईल, अशी शल्यचिकित्सकांची आशा होती. तारा कापल्या गेल्या. अनेकदा वेदना थांबली, आणि काही महिन्यांनी परत आली.

पहिल्या महायुद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करणारे फ्रेंच शल्यचिकित्सक रने लरिश यांना या अनुभवाने विचारात पाडले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या वेदनेच्या शल्यचिकित्सेवरील ग्रंथात त्यांनी एक धाडसी विधान केले. तीव्र वेदना ही धोक्याची सूचना असेल. पण जी वेदना वर्षानुवर्षे टिकते, ती कशाचीही सूचना नसते, ती स्वतःच एक रोग असते. अमेरिकेतील ओरेगन येथील शल्यचिकित्सक विल्यम लिव्हिंग्स्टन यांनी १९४३ साली याच विचाराला एक यंत्रणा सुचवली. मज्जारज्जूतील पेशींची साखळी एकदा चाळवली गेली की ती आपापसांत फेऱ्या मारीत राहते, आणि मूळ कारण संपल्यावरही वेदनेचे दुष्टचक्र चालू राहते, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या महायुद्धात नेमका उलटा अनुभव आला. अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना ‘वेदनाशामक हवे काय?’ असे विचारले. सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. त्यांची हाडे मोडली होती, पोटे फाटली होती. पण ते जिवंत होते, आणि त्यांच्यापुरते युद्ध संपले होते. बीचर यांचे हे निरीक्षण १९४६ साली प्रसिद्ध झाले. मोठी जखम आणि अल्प वेदना हे जर शक्य असेल, तर अल्प जखम आणि मोठी वेदना हे अशक्य का मानावे?

मज्जारज्जूतील दार

हे सारे धागे एकत्र आणण्याचे काम कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल या दोघांनी केले. १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि वेदनेचा अभ्यास कायमचा बदलला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शरीराकडून येणारे संदेश मज्जारज्जूत प्रवेश करतात, तेथे एक दार आहे. जाड तंतूंतून येणारी स्पर्शाची जाणीव ते दार लोटून घेते. बारीक तंतूंतून येणारी इजेची वार्ता ते उघडते. आणि मेंदूही वरून हुकूम पाठवून ते उघडू किंवा बंद करू शकतो. गुडघा आपटला की आपण नकळत तो चोळतो आणि जरा बरे वाटते, त्याचे हेच कारण त्यांनी दिले. भीती, लक्ष, आशा आणि स्मृती यांचा वेदनेवर परिणाम होतो, हे आता केवळ कवीचे बोलणे राहिले नाही. त्याला शरीरात जागा मिळाली.

या सिद्धान्तातील मज्जातंतूंच्या जोडणीचा तपशील पुढे जसाच्या तसा टिकला नाही. मूळ कल्पना टिकली : मज्जासंस्था ही नुसती तार नव्हे, ती येणाऱ्या संदेशाचे काय करायचे हे ठरवते.

मेल्झॅक यांनी आणखी एक काम केले, आणि भाषेवर प्रेम करणाऱ्या वाचकाला ते अधिक भावेल. तरुणपणी ओरेगनला लिव्हिंग्स्टन यांच्याकडे काम करीत असताना त्यांना मधुमेहाने अंगच्छेद झालेली एक वृद्ध स्त्री भेटली. नसलेल्या अवयवातील आपल्या कळांचे वर्णन ती इतक्या नेमक्या शब्दांत करी की, मेल्झॅक ते शब्द टिपून घेऊ लागले. इतर रुग्णांचेही शब्द त्यांत जमा होत गेले. त्यातून १९७५ साली मॅक्‌गिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडली आहेत, आणि रुग्णाने आपल्याला लागू पडणारी निवडायची असतात. ‘किती दुखते?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कसे दुखते?’ हा प्रश्न शास्त्रात आला. रुग्णाचा शब्द हाच पुरावा ठरला.

अशी प्रश्नावली मराठीने आपल्याच बळावर रचायची म्हटली, तर तिला शब्दांची वाण पडणार नाही. डोके ठणकते, गळू ठसठसते, दात सळसळतो, कंबरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, पोटात मुरडा येतो, पायाला रग लागते, जखम चुरचुरते, अंग मोडून येते, त्वचा हुळहुळी होते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे भेद कोणत्याही प्रयोगशाळेविना केले. वैद्याने ते कान देऊन ऐकले, तर रोगाचा अर्धा माग तेथेच लागतो. ‘ठणका’ म्हणणारी आणि ‘जळजळ’ म्हणणारी स्त्री एकच गोष्ट सांगत नसते.

मज्जासंस्थेची स्मृती

मेल्झॅक आणि वॉल यांच्या सिद्धान्तातील दार क्षणोक्षणी उघडत-मिटत होते. ते दीर्घकाळ उघडेच राहू शकते काय? याचे उत्तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वॉल यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी दिले. १९८३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उंदराच्या पंजाला इजा झाल्यावर पाय आखडून घेण्याची त्याची प्रतिक्रिया हलक्या स्पर्शानेही उमटू लागते, आणि इजा न झालेल्या भागाला स्पर्श केला तरी उमटते, असे त्यांना आढळले. मग त्यांनी इजेची जागा औषधाने बधिर केली. तेथून येणारी वार्ता थांबली, तरी वाढलेली संवेदनशीलता ओसरली नाही. याचा अर्थ बदल पंजात नव्हता. तो मज्जारज्जूत घडला होता.

या घटनेला पुढे ‘सेंट्रल सेन्सिटायझेशन’ हे नाव रूढ झाले. मध्यवर्ती मज्जासंस्थेच्या संवेदनशीलतेत झालेली वाढ, असा त्याचा अर्थ. सतत चाळवल्या गेलेल्या पेशी अधिक तत्पर होतात, थोड्या कारणाने अधिक जोराने संदेश पाठवतात, आणि मेंदूकडून येणारे शमवणारे हुकूम दुबळे पडतात. टर्नर्स लेनच्या सैनिकाला झुळुकीने का दुखत असे, याचे पुष्कळसे उत्तर सव्वाशे वर्षांनी असे मिळाले.

नाव मिळते

या शोधाचा सर्वांत मोठा आधार ज्यांना मिळायला हवा होता, असे रुग्ण संख्येने फार होते. सर्वांगात दुखणे, झोपेतून न मिळणारी विश्रांती, अखंड थकवा आणि सर्व तपासण्या ठीक, असा त्यांचा आजार. १९०४ साली ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी स्नायूंच्या तंतुमय भागाचा दाह होत असावा या समजुतीने त्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले. सूक्ष्मदर्शकाखाली दाह सापडला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा काही रुग्णांच्या दुखण्याला ‘मनोजन्य संधिवात’ म्हटले गेले; म्हणजे स्नायूत काही सापडले नाही, तेव्हा दोष मनावर ढकलण्यात आला. १९७० च्या दशकात ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव आले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष ठरवले : किमान तीन महिने सर्वदूर वेदना, आणि शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी ११ बिंदू दाबल्यावर दुखणे. २०१० च्या निकषांत बिंदू दाबून पाहण्याची अट गेली आणि रुग्णाच्या सांगण्याला अधिक स्थान मिळाले.

दरम्यान मेंदूतील रक्तप्रवाहाची चित्रे घेण्याचे तंत्र आले होते. २००२ साली रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी व्यक्ती यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला. ज्या दाबाने निरोगी माणसाला फारसे काही वाटत नव्हते, त्याच दाबाने रुग्णाला वेदना होत होती, आणि त्याच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग खरोखर कार्यान्वित होत होते. निरोगी माणसाला तितकीच वेदना व्हायला पुष्कळ अधिक दाब द्यावा लागत होता. ‘मला सगळ्यांपेक्षा जास्त दुखते’ असे ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे सांगत होत्या, त्या खरेच सांगत होत्या.

वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली स्थापन झाली होती. पुढे बराच काळ वेदनेचे दोन प्रमुख प्रकार मानले जात : शरीराच्या इजेची आणि मज्जातंतूच्याच इजेची. या दोहोंत न बसणारे लाखो रुग्ण वर्गाबाहेर राहत होते. २०१६ साली काही संशोधकांनी तिसऱ्या प्रकाराचा प्रस्ताव मांडला आणि २०१७ साली संघटनेने तो स्वीकारला. त्याचे नाव ‘नोसिप्लास्टिक’ वेदना. इजेचा किंवा मज्जातंतूच्या रोगाचा स्पष्ट पुरावा नसताना, वेदनेच्या प्रक्रियेतच झालेल्या बदलामुळे उद्भवणारी वेदना, असा त्याचा आशय आहे. २०१९ साली जागतिक आरोग्य परिषदेने मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘प्राथमिक दीर्घकालीन वेदना’ ही स्वतंत्र नोंद आली. लरिश यांनी १९३७ साली जे म्हटले होते, ते आठ दशकांनी सरकारी दप्तरात उतरले. २०२० साली संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात एक साधी सूचना घातली : एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होते असे सांगत असेल, तर त्या सांगण्याचा आदर राखावा.

उरलेले काम

नाव मिळाले म्हणजे सारे प्रश्न सुटले असे नाही. या वेदनेचे निदान नक्की करील अशी रक्ताची किंवा चित्रांची चाचणी नाही. माणसाच्या मज्जारज्जूतील बदल थेट मोजता येत नाहीत. ते लक्षणांवरून ताडावे लागतात. त्यामुळे नवे नाव हे अज्ञान झाकण्याचे पांघरूण होण्याचा धोका असतो, आणि त्याखाली एखादा वेगळा रोग दडून राहू शकतो. २०२१ साली फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचल्यावर त्यांची संवेदनशीलता वाढल्याचे दिसले. म्हणजे कथा केवळ मेंदूतच संपते असेही नव्हे.

उपचारांतही चमत्कार नाही. नेहमीच्या वेदनाशामकांचा उपयोग येथे कमी होतो आणि अफूजन्य औषधांनी हित होण्याऐवजी अहित होण्याचा संभव असतो. मज्जासंस्थेवर काम करणारी काही औषधे काही रुग्णांना थोडा आराम देतात. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, झोपेची काळजी आणि वेदनेसह जगण्याचे मानसशास्त्रीय शिक्षण यांचा लाभ अधिक रुग्णांना होतो. यांतील कोणताही उपाय रुग्णाच्या सहकार्यावाचून चालत नाही, आणि जो आपल्यावर विश्वास ठेवत नाही त्याच्याशी कोणीही मनापासून सहकार्य करीत नाही. ‘तुमच्या मज्जासंस्थेत बदल झाला आहे’ आणि ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ ही दोन वाक्ये ऐकायला जवळची वाटतात. त्यांपैकी पहिले उपचाराची सुरुवात करते आणि दुसरे रुग्णाला दाराबाहेर काढते.

आपल्या घरांत असे रुग्ण असतात. पहाटे उठून पाणी भरणारी, तीस वर्षे अंग दुखते म्हणणारी आई असते. अपघातातून बरा झालेला, पण हात हलवायला घाबरणारा भाऊ असतो. त्यांच्या दुखण्याचे कारण आपल्याला शोधता येईलच असे नाही. देकार्त यांच्या काळातील त्या मुलीला आपला हात नाहीसा झाल्याचे ठाऊक नव्हते, तरी बोटे दुखतात एवढे मात्र ती नेमके सांगत होती. आज अशा रुग्णाला ‘कसे दुखते, कधी वाढते, कशाने निवते?’ असे विचारून शेवटपर्यंत ऐकून घेणे एवढे तर कोणालाही करता येईल. तपासाची सुरुवातही तेथूनच होते.